टेस्ट बटण काय सांगते आणि काय सांगत नाही

जुलै महिन्यातील एका पहाटे सहार विमानतळावर उतरलेले एक मालवाहू विमान अग्निशमन दलाच्या तपासणीसाठी बराच वेळ टॅक्सीवेवर थांबून मग आमच्या बेवर, म्हणजे विमान उभे करण्याच्या जागी, आले. शिडी लागल्यावर खाली उतरलेल्या कॅप्टनच्या गालांवर ऑक्सिजन मास्कचे वळ अजून स्पष्ट दिसत होते. त्यांनी टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या दोष-दुरुस्तीच्या वहीत, केलेली नोंद दोन ओळींची होती: उतरण्यासाठी उंची कमी करत असताना मेन डेकच्या, म्हणजे माल ठेवण्याच्या मुख्य मजल्याच्या, तिसऱ्या झोनमधून धुराचा इशारा आला, चेकलिस्ट पूर्ण केली, आणि काही मिनिटांनी इशारा आपोआप बंद झाला. लॉग माझ्या हाती देताना ते एवढेच म्हणाले, “या विमानावर हा प्रकार पहिल्यांदा होत नाही असं ऐकलंय. या वेळी नीट बघा.”

मी एव्हिऑनिक्स (विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) शाखेचा परवानाधारक अभियंता आहे, आणि माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे मालवाहू विमानांच्या देखभालीत गेली आहेत. कॅप्टनच्या त्या वाक्यात राग नव्हता, पण ते मला लागले, कारण लॉगची मागची पाने उलटल्यावर त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. सहा आठवड्यांत त्याच झोनची ही चौथी नोंद होती. पहिल्या वेळी धूर ओळखणारा एक डिटेक्टर बदलला होता, दुसऱ्या वेळी दुसरा, आणि तिसऱ्या वेळी कनेक्टर उघडून, स्वच्छ करून पुन्हा जोडला होता. तिन्ही नोंदींचा शेवट एकच होता: सिस्टिम टेस्ट केली, ग्राउंड चेक सॅटिस (जमिनीवरील तपासणी समाधानकारक), विमान सेवेत दिले. तीन वेगवेगळ्या विमानतळांवरील तीन अभियंत्यांनी आपापल्या परीने नियमानुसारच काम केले होते, आणि तरीही स्नॅग, म्हणजे नोंदवलेला दोष, जागचा हलला नव्हता.

पुढचे सांगण्यापूर्वी हा इशारा इतका महत्त्वाचा का असतो, ते सांगणे भाग आहे. मालवाहू विमानाच्या मेन डेकला नियमांच्या भाषेत ‘क्लास ई’ कप्पा म्हणतात. प्रवासी विमानांच्या पोटातील ‘क्लास सी’ कप्प्यांत आग विझवण्यासाठी सामान्यतः हॅलॉन १३०१ वायूच्या बाटल्या बसवलेल्या असतात. क्लास ई कप्प्यात अशी व्यवस्था असण्याची सक्ती नाही. तेथे अपेक्षा वेगळी असते. धूर लवकरात लवकर ओळखावा, कप्प्यात जाणारी हवा वैमानिकांना बंद करता यावी, आणि कॉकपिटमध्ये धूर शिरू नये. म्हणून अशा विमानात इशारा आला की वैमानिक मास्क चढवतात, मेन डेकची हवा तोडतात आणि विमानातील दाब सोडून देतात, जेणेकरून विरळ हवेत आगीला ऑक्सिजन कमी पडावा; अनेक प्रकारच्या विमानांत त्यासाठी सुमारे २५,००० फुटांची उंची धरली जाते. या सगळ्याचा आरंभ एका डिटेक्टरच्या सांगण्यावरून होतो, आणि तो खोटे सांगत असेल तर दोन माणसे मास्क लावून, दाब सोडलेल्या विमानात, विनाकारण जवळचा विमानतळ गाठायला निघतात. तो खरे सांगत असूनही ऐकणाऱ्याचा त्याच्यावर विश्वास उरलेला नसेल, तर परिणाम याहून वाईट होतो.

३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या फ्लाइट ६ची हकीकत आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाला माहीत असते. ते बोइंग ७४७-४०० मालवाहू विमान होते, मालात लिथियम बॅटऱ्या मोठ्या संख्येने होत्या, आणि उड्डाणानंतर वीसेक मिनिटांनी मेन डेकवरील आगीचा इशारा आला. संयुक्त अरब अमिरातीच्या तपास अहवालानुसार इशारा आल्यापासून विमानाच्या यंत्रणा निकामी होऊ लागेपर्यंत अवघी अडीच मिनिटे गेली. कॉकपिट धुराने भरले, वैमानिकांना समोरची उपकरणेही दिसेनाशी झाली, आणि दुबईला परतलेले ते विमान धावपट्टीवर उतरू न शकल्याने कोसळले. दोन्ही वैमानिक गेले. पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०११ रोजी, एशियाना एअरलाइन्सचे त्याच प्रकारचे मालवाहू विमान जेजू बेटाजवळच्या समुद्रात आगीमुळेच कोसळले आणि त्यातही दोन्ही वैमानिकांचा मृत्यू झाला. ७ फेब्रुवारी २००६ रोजी फिलाडेल्फियाला उतरलेल्या डीसी-८ विमानाचे उदाहरण मला अधिक अस्वस्थ करते. त्या वैमानिकांना जळक्या लाकडाचा वास इशाऱ्याच्या बऱ्याच आधी आला होता, मेन डेकचा दिवा मात्र उतरण्याच्या जेमतेम काही मिनिटे आधी लागला. ते तिघे वाचले, विमान जळून गेले. माणसाच्या नाकाला जे कळले ते यंत्राला इतक्या उशिरा का कळावे, हा प्रश्न धूरशोधक यंत्रणेवर काम करणाऱ्या माणसाने कायम मनात ठेवावा असा आहे.

आता यंत्राविषयी. आज वापरात असलेले बहुतेक डिटेक्टर प्रकाशावर चालतात. एका काळ्या, बंदिस्त कोठडीत एका बाजूने प्रकाशाची तिरीप सोडलेली असते आणि प्रकाश ओळखणारा संवेदक तिच्या वाटेपासून दूर, कोनात बसवलेला असतो. हवा स्वच्छ असेपर्यंत त्याच्यावर काहीच पडत नाही, आणि धुराचे कण आत आले की त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो व त्याचा काही अंश संवेदकापर्यंत पोहोचतो. या रचनेचे दुबळेपण तिच्या साधेपणातच आहे. प्रकाश विखुरणारा कण धुराचा आहे, पाण्याचा आहे की पुठ्ठ्याच्या भुशाचा, हे तिला कळत नाही. अलीकडील काही डिटेक्टर दोन वेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरून आणि तापमान व आर्द्रता मोजून हा फरक करू लागले आहेत, परंतु जुन्या आणि प्रवासी विमानांची रूपांतरे करून बनवलेल्या मालवाहू विमानांत साधेच डिटेक्टर आजही भरपूर आहेत. नव्वदच्या दशकातील नोंदींच्या आधारे अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात खऱ्या धुराच्या एका प्रसंगामागे खोटे इशारे सुमारे दोनशे आढळले होते.

मुंबईत हे दुबळेपण विशेष जाणवते. उंचावरून थंड होऊन आलेले विमान जुलैच्या हवेत उतरते आणि दार उघडताच बाहेरची दमट हवा थंड पत्र्यांना भिडून डोळ्यांदेखत धुके होते. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या, एरवी फुले, भाजीपाला, कधी एक दिवसाची कोंबडीची पिल्ले, कधी शर्यतीचे घोडे, असा श्वास घेणारा आणि ओलावा सोडणारा माल कप्प्यात असतो. दाराशी उभ्या असलेल्या डिझेल लोडरचा धूर आत शिरतो, आणि कीटकनाशकाची फवारणी डिटेक्टरच्या अगदी खाली होते. त्यामुळे इशाऱ्याची नोंद हाती आली की मी सर्वप्रथम माल कोणता होता, तो कोणत्या जागी होता आणि विमान उड्डाणाच्या कोणत्या टप्प्यात होते, हे विचारतो. या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय पाना हाती घेऊ नये, असे माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला शिकवले होते, आणि त्यांच्या शिकवणीतील हीच गोष्ट मला सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे.

त्या पहाटे माल होता औषधांचे खोके आणि यंत्रांचे सुटे भाग. त्यांत ओलावा सोडणारे काही नव्हते. आधी उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तिसऱ्या झोनमधील प्रत्येक पॅलेट (माल रचून बांधलेला सपाट तक्ता) आणि छत तपासले, कारण इशारा खोटा आहे हे गृहीत धरून काम सुरू करणे हा या कामातील सर्वांत मोठा अपराध आहे असे मी मानतो. काहीही गरम नव्हते, वास नव्हता, काजळी नव्हती. मग उरली उड्डाणाची अवस्था. चारही नोंदींत इशारा उंची कमी करताना आलेला होता, एकदाही चढताना किंवा सरळ उड्डाणात नाही. दमट हवेचा संशय त्यामुळे बळावला, आणि आमच्या तरुण तंत्रज्ञाने तसे बोलूनही दाखवले: “सर, पावसाळा आहे, कन्डेन्सेशन असणार.”

मला ते पटले नाही, आणि त्याचे कारण मी त्याला तेव्हाच सांगितले. ओलावा संपूर्ण मेन डेकवर होता. तो कारण असता तर कधी दुसरा झोन बोलला असता, कधी पाचवा. चार वेळा केवळ तिसराच बोलतो, याचा अर्थ ओलावा निमित्त आहे आणि दोष तिसऱ्या झोनमध्येच कुठेतरी आहे. ‘पावसाळा आहे’ हे वाक्य टेक लॉगच्या कामात मला धोकादायक वाटते, कारण ते बहुतेक वेळा अर्धे खरे असते आणि शोध तिथेच थांबवते.

या विमानातील व्यवस्था हवा ओढून तपासणाऱ्या पद्धतीची होती. अशा रचनेत डिटेक्टर थेट छतावर नसतात. छतालगत बारीक नळ्यांचे जाळे असते, प्रत्येक झोनमध्ये त्या नळ्यांची तोंडे छताच्या आवरणातून खाली उघडतात, आणि एक पंखा ती हवा सतत ओढून डिटेक्टरांपर्यंत आणतो. पंखा बंद पडला तर दुसरा सुरू होतो, आणि नळीतून पुरेशी हवा येत नसेल तर प्रवाहावर लक्ष ठेवणारा स्विच दोष दाखवतो. प्रत्येक झोनसाठी दोन डिटेक्टर असतात आणि दोघांनीही धूर सांगितला तरच कॉकपिटमध्ये इशारा जातो, म्हणजे एकाच्या बिघाडामुळे खोटा इशारा जाऊ नये. कागदावर ही रचना चोख आहे.

याच रचनेत आमच्या कोड्याचे उत्तर दडलेले होते. दोन्ही डिटेक्टर बदलून झाल्यानंतरही दोघांनी एकाच वेळी धूर सांगितला होता. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच साक्ष देत असतील तर ती सहसा खरी मानावी, परंतु हे दोन साक्षीदार एकाच खिडकीतून पाहणारे होते. दोघांकडे येणारी हवा एकाच नळीतून येत होती. म्हणजे डिटेक्टर बरोबर होते, त्यांची तार बरोबर होती. त्यांना दाखवली जाणारी हवाच चुकीची होती. तिन्ही आधीच्या दुरुस्त्या तारेच्या बाजूने झाल्या होत्या. हवेच्या वाटेने कोणी गेलेच नव्हते.

तिसऱ्या झोनमधील माल उतरवून आम्ही छताची आवरणे उघडायला घेतली. हे काम कंटाळवाणे असते. स्क्रू शेकड्यांनी असतात, त्यांतले काही गंजलेले, काही आधीच्या माणसाने चुकीच्या मापाचे बसवलेले, आणि आवरणाच्या मागे काचतंतूंच्या गाद्यांमधून घाम आणि धूळ एकत्र होऊन अंगावर पडते. तिसरे आवरण निघाल्यावर बॅटरीच्या उजेडात ते दिसले. नळीचे दोन तुकडे जोडणारी रबरी बाही एका बाजूने निसटून लोंबत होती. तिच्यावरची पट्टी जागेवर होती, पण सैल होती. नळीचे उघडे तोंड कप्प्यातील हवेऐवजी आवरण आणि विमानाचा बाहेरचा पत्रा यांच्यामधील पोकळीतील हवा ओढत होते, आणि त्या तोंडासमोरची गादी पाण्याने जड झालेली होती.

बाकीचे आपोआप उलगडले. दीर्घ उड्डाणात त्या पत्र्याच्या आतल्या अंगावर हिम साचते. विमान खालच्या, उबदार हवेत आले की ते वितळते, गाद्या भिजतात, आणि त्या अरुंद पोकळीत दाट धुके तयार होते. चढताना आणि सरळ उड्डाणात ते नसते, म्हणून तेव्हा इशारा नव्हता. विमान जमिनीवर येऊन अभियंता पोहोचेपर्यंत पत्रा गरम होऊन धुके विरलेले असे, म्हणून ग्राउंड चेक दर वेळी सॅटिस. प्रवाहावर लक्ष ठेवणाऱ्या स्विचनेही तक्रार केली नव्हती, कारण तो हवा कमी झाली तर बोलतो. नळी तुटली की हवा उलट अधिक सहज येते. चोंदलेली नळी ही यंत्रणा स्वतः पकडते, निसटलेली नळी मात्र तिच्या दृष्टीने निरोगी असते.

टेस्ट बटणाचा प्रश्न इथे येतो. कॉकपिटमधील ते बटण दाबले की डिटेक्टरांना धूर आल्यासारखे भासवले जाते, ते इशारा पाठवतात, दिवे लागतात, घंटा वाजते, आणि आपण समाधानाने सही करतो. ती चाचणी आवश्यक आहे. उड्डाणात प्रत्येक सर्किट तपासता आले पाहिजे असे नियमच सांगतो. परंतु ती डिटेक्टरपासून दिव्यापर्यंतची वाट तपासते. मालापासून डिटेक्टरपर्यंतची वाट तिच्या कक्षेत येतच नाही. सहा आठवडे त्या विमानाच्या तिसऱ्या झोनमध्ये खरी आग लागली असती, तर तिचा धूर त्या निसटलेल्या जोडाच्या पलीकडच्या तोंडांतून डिटेक्टरपर्यंत धड पोहोचलाच नसता. खोट्या इशाऱ्यामुळे झालेला मनस्ताप सर्वांनी मोजला. त्याच दोषाने खरा इशारा अडवून धरला होता, हे मात्र बाही हातात घेईपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही. त्या क्षणी पोटात उठलेला गोळा मला अजून आठवतो.

दरम्यान फोन सुरू झाले होते. परतीचा माल गोदामात तयार होता आणि विमान कधी मिळेल अशी विचारणा दर अर्ध्या तासाने होत होती. एमईएलचा (कोणती यंत्रणा बंद असतानाही विमान उडवता येते ते सांगणाऱ्या यादीचा) आधार घेऊन झोन निष्क्रिय दाखवता येणार नाही का, असेही विचारले गेले. दाखवता येतो, पण अशा वेळी तो कप्पा रिकामा ठेवावा लागतो किंवा त्यात रिकाम्या पॅलेटसारख्या मोजक्याच वस्तू नेता येतात, आणि मेन डेक रिकामा नेणारे मालवाहू विमान कोणाच्याच कामाचे नसते. ऑपरेशन्समधील त्या गृहस्थांशी मी शक्य तितक्या शांतपणे बोललो. “साहेब, दोष सापडलाय. आता चार तास द्या; नाहीतर पाचव्या वेळी हेच बोलणं तुम्ही दुसऱ्या कुणाशी तरी कराल,” असे म्हटल्यावर त्यांनी वेळ दिला, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. घड्याळाचा काटा हा या कामातील खरा दबाव असतो, आणि डिटेक्टर बदलून अर्ध्या तासात विमान सोडणे हा त्यातून निघण्याचा सर्वांत सोपा मार्ग असतो. आधीच्या तीन अभियंत्यांना मी दोष देत नाही, त्याचे कारण हेच.

बाही नवी घातली, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नव्या लावल्या, ओल्या गाद्या बदलल्या. त्यानंतर त्या झोनमधील नळ्यांचे प्रत्येक तोंड एकेक करून तपासले. एका तोंडावर जुन्या रंगकामाच्या वेळची चिकटपट्टी तशीच होती, तीही काढली. शेवटी मेंटेनन्स मॅन्युअलप्रमाणे धुराची चाचणी घेतली. धूरयंत्र कप्प्यात मालाच्या उंचीवर ठेवले, तंत्रज्ञ घड्याळ घेऊन कॉकपिटमध्ये बसला. आग सुरू झाल्यापासून एका मिनिटाच्या आत वैमानिकांना इशारा दिसावा ही नियमाची अपेक्षा आहे, आणि मिनिट पुरे होण्याआधी त्याने इंटरकॉमवरून “आला, सर” असे सांगितले. या चाचणीत एक काळजी घ्यावी लागते. धूरयंत्राचा तेलकट अंश डिटेक्टरच्या कोठडीत साचला तर तोच पुढे खोट्या इशाऱ्याचे कारण होतो, म्हणून चाचणीनंतर पंखा बराच वेळ चालू ठेवून नळ्या स्वच्छ हवेने धुऊन काढाव्या लागतात. घाईत ही पायरी गाळली जाते.

प्रत्येक स्नॅग हवेच्या वाटेचा नसतो, हेही नोंदवले पाहिजे. छतावरच थेट डिटेक्टर बसवलेल्या विमानांत पॅलेटचा कोपरा आपटून जाळी वाकलेली, कनेक्टरच्या आत पाणी जाऊन पिनांवर हिरवट गंज चढलेला, एखादी पिन मागे सरकलेली, तार एका कंसावर घासून तिचे आवरण गेलेले, असे दोष अधिक सापडतात. ते थंडीत किंवा कंपनात प्रकट होतात आणि हँगरमध्ये गप्प बसतात. तिथे दोन डिटेक्टरांच्या जागा आपसांत बदलून दोष डिटेक्टरबरोबर जातो की जागेला चिकटून राहतो हे पाहणे उपयोगी ठरते, मात्र तशी अदलाबदल टेक लॉगमध्ये सिरियल क्रमांकांसह लिहिलीच पाहिजे. ती लिहिली नाही तर पुढच्या अभियंत्याच्या हाती आलेला इतिहास खोटा असतो.

एक गोष्ट आमच्या हातात नाही, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते. पावसाळ्यात सहारच्या ॲप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या आवारात, उभे राहिले की प्रत्येक पॅलेट प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले दिसते. माल भिजू नये म्हणून ते आवश्यकच आहे. पण त्या आवरणाखाली किंवा बंद कंटेनरमध्ये आग धुमसू लागली, तर तिचा धूर बाहेर पडून छतापर्यंत पोहोचेपर्यंत आमची उत्तम जुळलेली नळीसुद्धा काही करू शकत नाही. अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपास संस्थेने २०१२ मध्ये नेमके हेच दाखवून कंटेनरच्या आतच आग ओळखण्याची शिफारस केली होती. नियमातील एक मिनिट सुरू होते आगीबरोबर, आणि आमच्या नळीला ते कळते प्लॅस्टिक फाटल्यावर.

ते विमान दुपारी गेले. टेक लॉगमधील माझी नोंद पाऊण पान भरली. बाही कोणत्या फ्रेमपाशी निसटली होती, गादी किती भिजली होती, कोणती तोंडे तपासली आणि कोणती तपासायची राहिली, हे सारे मी तीत लिहिले. त्याच ऑपरेटरच्या त्याच प्रकारच्या दुसऱ्या विमानाच्या पुढच्या मुक्कामात आम्ही कोणतीही तक्रार नसताना तीच आवरणे उघडण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पाचव्या झोनमधील एका बाहीवरची पट्टी बोटाने फिरत होती.